चौथ्या मताचे पत्ते

२ डिसेंबर २०२५, मंगळवार

नवी वही. सुरुवातीलाच, आजवर मी माझ्या हाताने काय काय केलं ते लिहून ठेवतो. मागाहून कुणी वाद घालायला नको.

जकार्डचे, म्हणजे मागावर नक्षी उठवणारे, पत्ते पाडायचं पंचिंग यंत्र, एक. सायकलची चेन, जुन्या शिलाई मशिनचा पायटा आणि भंगारातलं लोखंड. एकोणतीस वर्षं झाली, अजून चालतं. चादरींच्या डिझाइनचे पत्ते, एकशे अठ्ठ्याऐंशी संच. त्यातल्या डाळिंबाच्या चादरीची तिघांनी नक्कल केली आणि तिघांनीही डाळिंबाच्या तुऱ्याला पाच पाकळ्या काढल्या. माझ्या डाळिंबाला सहा आहेत. घराचा जिना, तेरा पायऱ्या, प्रत्येक बरोबर सात इंच. गवंडी आठ म्हणत होता, त्याला घरी पाठवला. टाकी भरली की वाजणारी घंटा. बायको विजयमाला घरी शाळेचे गणवेश शिवते, तिच्या मशिनला चुण्या घालायची पट्टी. तिला विचारलं तर ती म्हणेल कल्पना तिची, पण पत्रा मी कापला. आणि आमच्या प्रभागाचा नकाशा, पाच फूट बाय साडेतीन, सगळ्या गल्ल्या पावलांनी मोजून. माझं एक पाऊल दोन फूट चार इंच.

शिक्षण सातवी. पुढचं सगळं स्वतःचं स्वतः.

या नकाशामुळेच आज पुण्याच्या एका संशोधन संस्थेतल्या उत्कर्षा मॅडम घरी आल्या. वय तिशीच्या आत. महापालिकेच्या निवडणुकीत लोक मत कशावरून ठरवतात, याचा त्या अभ्यास करतात. निवडणूक आता कधीही लागेल म्हणून गल्ल्या माहीत असलेला माणूस शोधत होत्या. नकाशासमोर वीस मिनिटं उभ्या राहिल्या.

"काका, हे तुम्ही एकट्याने केलंत?"

म्हटलं, हो. आणि लगेच दुरुस्त केलं: काका नाही, मास्तर. पंचिंग मास्तर. त्या हसल्या आणि पुन्हा काका म्हणाल्या.

संगणकावरचं जकार्ड आल्यापासून माझं यंत्र घरात आहे आणि मी चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्याचं स्टोअर सांभाळतो. तीनला सुटतो. संध्याकाळ रिकामी असते. होकार दिला.

९ डिसेंबर, मंगळवार

डोकं फिरलंय. मॅडमच्या टॅबवरचा फॉर्म आज नीट वाचला. एक्केचाळीस प्रश्न. त्यात अठरावा: "आपण आपले मत कोणाला देणार?" आणि खाली रकाना एक. एक!

आमच्या प्रभागात जागा चार. अ, ब, क, ड. प्रत्येक मतदाराला चार मतं, चार बटणं. चारी दाबल्याशिवाय मशिन वाजत नाही आणि मशिन वाजल्याशिवाय केंद्रावरचा साहेब बाहेर सोडत नाही. माणूस पहिलं मत मनाने देतो, दुसरं गल्ली देते म्हणून, तिसरं कुणी सांगितलं म्हणून. चौथं का देतो, हे आजवर कुणी विचारलंच नाही. हे मी मॅडमना उभ्या उभ्या सांगितलं.

"बरोबर आहे काका, पण फॉर्म वरून आलाय. सगळ्या शहरांना एकच आहे. आपण मुख्य पसंती धरू."

मुख्य पसंती! म्हणजे चादरीतला एक धागा उपसायचा आणि चादर कशी आहे ते सांगायचं. घरी येऊन तासभर बोलत होतो. विजयमालाने मशिनचा पाय थांबवला नाही. शेवटी म्हणाली, "मग तुमी करा की तुमचा फॉर्म. न्हाईतरी दुसऱ्याचं तुमाला पटलंय कदी?"

चिडवायला म्हणाली. पण मुद्दा बरोबर होता.

१४ डिसेंबर, रविवार

केला. फॉर्म नव्हे, पत्ते.

माझ्यानंतर ही वही वाचणाऱ्याला कळावं म्हणून लिहितो. जकार्डचा पत्ता म्हणजे पुठ्ठ्याची पट्टी. छिद्र असलं तर धागा उचलला जातो, नसलं तर नाही. छिद्र म्हणजे हो, कोरं म्हणजे नाही. आख्खी चादर अशा हजारो हो-नाहीची असते. मग प्रभाग का नसावा?

दर घराला एक पत्ता. सात इंच बाय तीन. वरच्या कडेला ओळीने बारा छिद्रं, प्रत्येक छिद्र म्हणजे एक प्रश्न. उत्तर हो आलं की ते छिद्र कडेपर्यंत कापायचं, म्हणजे खाच होते. सगळे पत्ते जुळवायचे, हव्या त्या छिद्रातून सायकलची तार ओवायची, उचलायचं आणि झटकायचं. खाच असलेले पत्ते खाली पडतात, बाकीचे तारेला लटकून राहतात. लाइट नको, चार्जिंग नको, पुण्याची परवानगी नको.

पहिली आठ छिद्रं घराची: कन्नड बोलतात का, तेलुगू बोलतात का, विडी वळतात का, भाड्याने राहतात का, घर एकट्या बाईवर आहे का, असं. पुढची चार मतांची. त्यातलं बारावं सगळ्यात मोलाचं: चौथं मत कुणाच्या सांगण्याबाहेर, स्वतःच्या मनाने देणार का?

नाव कुठेही नाही. हे मी कटाक्षाने पाळलंय. पाठीमागे उजव्या कोपऱ्यात फक्त गल्ली आणि घर क्रमांक.

३ जानेवारी २०२६, शनिवार

उमेदवार आणि चिन्हं पक्की झाली. घरांची माहिती डिसेंबरात भरून झाली होती, आजपासून मतांची चार छिद्रं.

चन्नवीर अण्णांचं पॅनल जोरात आहे. अण्णा पूर्वी दोनदा नगरसेवक होते. चार नंबर गल्लीतली एकवीस खोल्यांची चाळ त्यांचीच. अ, ब, क जागांवर त्यांची माणसं, ड वर स्वतः. त्यांच्यासमोर ड मध्ये गिरिजाबाई, दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स, अपक्ष, आपल्या रिक्षावर आपणच भोंगा धरून फिरतात.

माझं आणि विजयमालाचं मत ठरलेलं आहे. चारी अण्णांच्या पॅनलला. अख्ख्या प्रभागात मला मास्तर म्हणणारा तो एकच पुढारी आहे. आमच्या घराचा पत्ता मीच भरून टाकला. तिला विचारायची गरज नव्हती. बत्तीस वर्षं आमचं एकमत आहे.

६ जानेवारी, मंगळवार

आज चाळ केली. खोली नंबर सातमध्ये ईरम्मा राहते. वय साठ, नवरा वारला, विडी वळते. मी तिला अक्का म्हणतो. ती पानं कापत होती.

"अण्णाला देतो की," ती म्हणाली. "तीन."

"आणि चौथं?"

तिने उठून दार पुढे लोटलं. "चवथं माजं."

"म्हणजे?"

"म्हंजे काय म्हंजे? खोली अण्णाची, नळ अण्णाचा, संडास अण्णाचा. तीन मतं भाड्यात गेली म्हण. येक तरी माजं असू दे की. त्ये शेवटचं निळ्या कागदाचं बटण हाय बग, त्ये गिरिजाबाईला."

"का पण?"

"माजा नवरा अंथरुणाला खिळला तवा आट दिस घरला येऊन सुई टोचली तिनं. लई घाण सुटली व्हती. येकदाबी नाकाला पदर लावला न्हाई." मग तिचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. "जोतीरामा, ह्ये कुटं लिवतोस?"

"नाव नाही अक्का. नुसती खाच."

"अण्णाला कळलं तर माजी भांडी रस्त्यावर येतील. शपथ घे."

मी यंत्राची शपथ घेतली आणि तिच्यासमोर बारावं छिद्र कापलं. पत्त्याला तिच्या फरशीवरच्या तंबाखूचा डाग लागला. पुसला, निघाला नाही.

गंमत अशी की तिने अण्णांच्या तीन माणसांना मतं ठेवली आणि अण्णांचंच तेवढं काढून घेतलं. मला वाटलं एखादी तऱ्हेवाईक बाई. पण त्याच चाळीत असे अकरा पत्ते निघाले. अकरा! आणि प्रत्येक घरात आधी दार लोटलं गेलं.

११ जानेवारी, रविवार

मॅडमचा प्राथमिक अहवाल मोबाइलवर आला. चौतीस पानं. आमच्या प्रभागाबद्दल लिहिलंय: "पॅनलच्या चारही जागा सुरक्षित." माझा नकाशा पान अकरावर आहे, बारीक करून, उत्तर दिशेचा बाण पुसून. शेवटच्या पानावर आभार. संस्थेच्या संचालकांचे, ग्रंथपालांचे, गाडीच्या चालकाचेसुद्धा नावासकट. आणि सगळ्यात खाली: "स्थानिक साहाय्य: एक यंत्रमाग कामगार."

एक यंत्रमाग कामगार.

नाव नाही ते नाहीच, धंदाही चुकीचा. मी यंत्रमागाला आयुष्यात हात लावलेला नाही. मी पत्ते पाडायचो तेव्हा यंत्रमाग चालायचे. फोन केला. मॅडम म्हणाल्या, "सॉरी काका, गोपनीयतेसाठी नावं देत नाही आपण."

मग ड्रायव्हरची गोपनीयता नाही का? हे विचारलं.

आज जेवलो नाही. विजयमाला म्हणाली, "रागानं पोट भरतंय का?" भरतं.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. गड्ड्याच्या जत्रेत निम्मं शहर, उरलेलं निम्मं चौकातल्या कँटीनवर. प्रचार कालच संपला, त्यामुळे बोलायला सगळे मोकळे. कुणीतरी मोबाइलवर पुण्याचा तो अहवाल वाचून दाखवत होतं: चारही जागा सुरक्षित. मला राहवलं नाही. पत्त्यांची पेटी घरून आणली.

तीनशे सहा पत्ते टेबलावर ठेवले. बाराव्या छिद्रातून तार घातली, उचललं, झटकलं. सत्तेचाळीस पत्ते खाली पडले. म्हटलं, ही सत्तेचाळीस घरं चौथं मत स्वतःचं स्वतः देणार. घरी सरासरी तीन मतं धरा. पुण्याच्या चौतीस पानांत हे नाही.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. अण्णांचा पुतण्या नवनाथ, जो त्यांचं ऑफिस बघतो, त्याने तिळगूळ दिला आणि विचारलं, "मास्तर, नुसता आकडा का घरबी कळतंय वो?"

"कळतं म्हणजे!" मी म्हटलं. "नाव नाही, पण प्रत्येकाचा पत्ता आहे."

फार दिवसांनी असा मान मिळाला.

१५ जानेवारी, गुरुवार

मतदान. सकाळी सव्वाआठला रांगेत. माझ्या पुढचे आजोबा तीन बटणं दाबून निघाले, साहेबांनी हाताला धरून परत नेलं. आजोबा म्हणाले, "चवथा कोन हाय त्योच म्हाईत न्हाई की मला." साहेब म्हणाले, काहीही दाबा, पण वाजवा. हे जशास तसं नोंदवतो.

मला आत पन्नास सेकंद लागले. विजयमालाला साडेतीन मिनिटं. विचारलं तर म्हणाली, चष्मा विसरले होते. चष्मा तिच्या नाकावर होता. ते दाखवल्यावर म्हणाली, "त्योच पुसत हुते."

१६ जानेवारी, शुक्रवार

निकाल. पॅनलच्या अ, ब, क तिन्ही जागा आल्या. ड: चन्नवीर अण्णा अडतीस मतांनी पडले. गिरिजाबाई निवडून आल्या.

दुपारी मॅडमचा फोन. आवाज उतरलेला. "काका, आमचा अंदाज फक्त तिथे चुकला. असं काय झालं असेल?"

"तुमच्या फॉर्ममध्ये चौथा रकाना नव्हता," एवढं बोलून फोन ठेवला. हे वाक्य मी पाच दिवस तयार ठेवलं होतं.

अण्णांबद्दल वाईट वाटलं. माझं मत फुकट गेलं. पण अंदाज खरा ठरला. दोन्ही एकदम कसं वाटतं ते लिहिता येत नाही.

१८ जानेवारी, रविवार

संतापजनक प्रकार. सकाळी नवनाथने चाळीच्या अंगणात पाट मांडला, त्यावर ताट, ताटात बेल आणि भंडारा. एकवीस खोल्यांमधल्या एकेकाला बोलावून बेलभंडारा उचलायला लावला, की चारी मतं अण्णांनाच दिली म्हणून. खोटी शपथ घेतली तर वंश बुडतो असं मानणारी ही माणसं. दोघी रडायला लागल्या. मत गुप्त असतं हे सांगायला मी पुढे झालो तर नवनाथ म्हणाला, "मास्तर, तुमी मधी पडू नका. तुमचं काम पुढं हाय." मला त्याचा अर्थ लागला नाही.

ईरम्माची पाळी आली. तिने पान उचललं, भंडारा कपाळाला लावला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, "चारी बटणं दाबल्यात म्या! टुंई वाजस्तवर बोट काडलं न्हाई!"

शब्दाला शब्द खरा. अंगणात कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग बाकीच्यांनीही तेच वाक्य म्हणत पान उचललं. नवनाथ ताट घेऊन गेला.

२० जानेवारी, मंगळवार

आज पाणी यायचा वार. चाळीची मोटर काल दुरुस्तीला म्हणून नवनाथ उचलून घेऊन गेला. मोटर चालू होती. मी स्वतः ऐकलेली आहे, तिचा आवाज मला माहीत आहे. एकवीस घरांच्या बायका दुसऱ्या गल्लीतून घागरी वाहत होत्या. एवढी नीच सूडबुद्धी! आणि कुणाकुणावर राग काढायचा हे माहीत नाही म्हणून सगळ्यांवरच.

ईरम्मा घागर घेऊन माझ्या दारावरून गेली. मी "अक्का" म्हटलं. तिने मान वळवली नाही.

२१ जानेवारी, बुधवार

अण्णांनी ऑफिसात बोलावलं. खुर्ची दिली, ताक दिलं. पडलेला माणूस इतका शांत मी पाहिला नाही.

"मास्तर, पुण्याच्या लोकांनी तुमची किंमत केली नाही. माझ्या कानावर आलं. यंत्रमाग कामगार! छे, छे. आपण तुमचं पुस्तक काढू. तुमचे ते पत्ते माझ्या ऑफिसात नीट जपून ठेवू, माणूस बसवून टाइप करून घेऊ. पाडव्याला प्रकाशन."

रक्कमही बोलले. ती आज लिहीत नाही. पाच दिवसांची मुदत मागून घेतली. येताना चौकातून सरळ न येता लांबून आलो. पुस्तकाचं मुखपृष्ठ डोळ्यांसमोर होतं. डाळिंबाची चादर आणि त्यावर माझं नाव. खोटं कशाला लिहू, मला ते फार आवडलं.

२२ जानेवारी, गुरुवार

विजयमालाला सांगितलं. तिने या वेळी मशिन थांबवलं.

"अण्णाला पुस्तकाची हौस कदीपास्नं?"

"अभ्यासाची किंमत कळली त्याला."

"अभ्यासाची न्हाई वो. कुनाची भांडी रस्त्यावर टाकायची त्याची यादी पायजे त्याला."

म्हटलं, कसली यादी? नाव कुठेच नाही. तीनशे सहा पत्ते, एकावरही नाव नाही.

"पत्ता हाय न्हवं?" ती म्हणाली. "पत्ता असल्यावर नाव कशाला लागतंय? पोष्टमन काय त्वांड बघून टपाल टाकतोय?"

एकोणतीस वर्षं हा शब्द माझ्या तोंडात आहे. पत्ते पाडणं, पत्ते ओवणं, पत्ते जुळवणं. त्याचा दुसरा अर्थ मला माहीत नव्हता असं नाही. कँटीनवर नवनाथला मीच तर म्हणालो होतो.

मग तिने उरलेलं सांगितलं, आवाज न चढवता. ताट, भंडारा, मोटर हे सगळं मी तार दाखवल्यानंतरचं आहे. ईरम्मक्का तिच्या गणवेशांची काज-बटणं करते, तीही चार दिवस आलेली नाही. "सगळी चाळ म्हनतीया, जोतीरामानं आमाला टोचून ठेवलंय."

मी चिडलो, तिच्यावर. मग जिन्यावर जाऊन बसलो. सातव्या पायरीवर.

२५ जानेवारी, रविवार

उपाय सापडला म्हणून सकाळी खूश होतो. तीनशे सहा पत्त्यांचे उजवे कोपरे कापून टाकले, गल्ली आणि घर क्रमांकासकट. कोपरे चुलीत घातले. अभ्यास शाबूत, माणसं सुरक्षित. पुस्तकही होऊ शकेल. विजयमालाला म्हटलं, "बघ. पत्त्यावरचा पत्ता कट."

तिने पाहिलं. "आता ईरम्मक्काला हुडकून दावा."

"कशी सापडेल? क्रमांकच नाही."

"हुडका तर."

तार घेतली. कन्नड बोलतात: अठ्ठ्याऐंशी पडले. त्यांतून विडी वळतात: एकतीस. त्यांतून भाड्याने: चौदा. त्यांतून घर एकट्या बाईवर. झटकलं. एकच पत्ता पडला. वर तंबाखूचा डाग.

दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मी बनवलेलं यंत्र इतकं अचूक चालतं हे पाहून मला पहिल्यांदाच आनंद झाला नाही.

"लई चांगलं केलंय तुमी," विजयमाला म्हणाली. टोमणा नव्हता, तेच जास्त लागलं.

मग बाराव्या छिद्राला हात घातला. खाच एकदा पडली की बुजत नाही, पण नसलेली पाडता येते. सगळ्यांच्या बाराव्या छिद्राला खाच पाडली की कुणाची खरी आणि कुणाची आजची, हे मलासुद्धा सांगता येणार नाही. अकरा छिद्रं राहतील, पण त्यांत शोध नाही. शोध बाराव्यात होता. आता या वहीतल्या आकड्यावर कोण विश्वास ठेवणार? एक यंत्रमाग कामगार म्हणतो म्हणून?

आधी शेवटची मोजणी केली. सत्तेचाळीस. विजयमाला शेजारी बसून बघत होती. म्हणाली, "अठ्ठेचाळीस."

पुन्हा मोजले. सत्तेचाळीस. एकेक पत्ता तिच्यासमोर ठेवून दाखवला.

"बरं, तुमी म्हंता तर सत्तेचाळीस," ती म्हणाली. तिचं गणित शाळेपासून कच्चं.

दोनशे एकोणसाठ पत्ते कापायचे राहिले होते. मी चिमटा कात्रीने, माझ्याच हातच्या, एकेक कापत गेलो. आमच्या घराचा पत्ता आला, पहिल्या आठ छिद्रांवरून ओळखला, तेव्हा तिने हात पुढे केला. "ह्यो द्या हिकडं. ह्याला मी कापते." बाकी एकालाही हात लावला नव्हता तिने. म्हटलं, तिरकं जाईल. तरी ऐकेना. पण खाच सरळ आली, हे कबूल करावं लागेल.

संपल्यावर तार ओवली, उचललं, झटकलं. तीनशे सहाच्या तीनशे सहा पडले.

२६ जानेवारी, सोमवार

झेंडावंदन झाल्यावर पेटी काखेत मारून अण्णांच्या ऑफिसात गेलो. नवनाथ होता. मला वाटलं होतं शांतपणे नाही म्हणेन. जमलं नाही. चाळीच्या मोटरपासून सुरुवात केली. म्हटलं, अण्णा, चार मतं मागायचा तुम्हाला हक्क आहे, मोजायचा नाही. तीन मतं भाड्यासारखी घेतलीत, एक चुकलं तर तान्ह्या पोरांचं पाणी तोडता? तुमच्या आजोबांनी ही चाळ बांधली तेव्हा नळ आधी घातला, खोल्या मागून. त्यांचं नाव काढताना लाज वाटू द्या.

"मास्तर, घसा सुकेल," अण्णा म्हणाले. "पत्ते आणलेत का?"

आणले होते. टेबलावर ठेवले, तार त्यांच्याच हातात दिली. "बारावं छिद्र. ओवा."

त्यांनी ओवली. उचललं. तारेला एकही पत्ता राहिला नाही. सगळे ताकाच्या पेल्याभोवती पसरले. अण्णांनी तारेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"म्हणजे काय? चौथं मत मला एकाही घराने दिलं नाही?"

"पत्ते तरी तसंच म्हणतात, अण्णा."

"तुझ्या घरानेसुद्धा?" मास्तर गेलं, तुझ्या आलं.

"माझ्या घराचा पत्ता त्यातच पडलाय," मी म्हणालो. नवनाथ वळून भिंतीकडे बघायला लागला. त्याचे खांदे हलत होते.

हे मी खोटं बोललो. दोन्ही मतं आम्ही त्यांनाच दिली होती. आयुष्यात कामाबद्दल बोललेलं हे पहिलं खोटं, म्हणून नोंदवतो. घरी येऊन विजयमालाला सांगितलं, तर इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. त्यात एवढं हसण्यासारखं काय होतं, मला कळलं नाही.

संध्याकाळी नवनाथ मोटर घेऊन चाळीत आला. दुरुस्त झाली म्हणे. एकवीसच्या एकवीस खोल्यांचे पत्ते पडल्यावर बाहेर काढणार कुणाकुणाला, आणि भाडं घेणार कुणाकडून? ईरम्मा दारात आली, काजं करून झालेले आठ शर्ट घेऊन. माझ्याकडे बघून म्हणाली, "काय जोतीरामा, सरकारनं झेंडा लावला का न्हाई नीट? का तिथंबी भोकं पाडून आलास?" मी हसलो नाही. मनातून हसलो.

नोंद पुरी करतो. नाकारलेली गोष्ट: शंभर पानांचं छापील पुस्तक, पक्क्या बांधणीचं, वर डाळिंबाची चादर आणि नाव, वडिलांच्या नावासकट पूर्ण, जाड अक्षरात: पंचिंग मास्तर जोतीराम येडू वाघमोडे. आणि रोख दोन लाख एक्कावन्न हजार रुपये.